सशाची पिल्ले नर की मादी, हे घरच्या घरी कसे ओळखावे

‘दोन्ही माद्याच आहेत’ असे सांगून विकलेल्या जोडीला चार-पाच महिन्यांनी पिल्ले झाली, तर त्यात नवल काहीच नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे विकायला येणारी पिल्ले बहुधा इतकी लहान असतात की त्यांचे लिंग जाणकारालाही खात्रीने सांगता येत नाही. विक्रेत्याने ते कानडीत सांगितलेले असो की मराठीत, तो केवळ अंदाज असतो. म्हणून पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की स्वतः तपासावे आणि बाराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला पुन्हा तपासावे. लहान चणीच्या जातींचे ससे साडेतीन-चार महिन्यांतच प्रजननक्षम होतात, त्यामुळे ‘सहा महिन्यांनंतर पाहू’ हा सल्ला निरुपयोगी आहे. (उसाच्या फडात सापडलेले पिल्लू येथे गृहीत धरलेले नाही. तो रानससा असतो, प्राणीच वेगळा, आणि वन्यजीव कायद्यानुसार तो घरी ठेवता येत नाही.)

तपासणाऱ्याची नखे कापलेली असावीत आणि उजेड भरपूर असावा. खानापूरकडच्या पावसाळी दिवसांत खिडकीच्या भरवशावर न राहता मोबाइलचा दिवा वापरावा. प्रत्येक पिल्लाच्या कानात मार्करने वेगळी खूण करावी, नाहीतर पुढच्या आठवड्यात कोणाचे काय दिसले होते हे आठवत नाही.

एकाने जमिनीवर बसून पिल्लाची पाठ आपल्या छातीला टेकवावी, एक हात पुढच्या पायांखाली आणि दुसरा ढुंगणाखाली ठेवावा. पाहण्याचे काम दुसऱ्याने करावे. कान धरून उचलू नये. पाय मोकळे राहिले आणि सशाने जोरात लाथ मारली, तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. पूर्ण उताणा केलेला ससा निपचित पडतो, त्याला अनेक जण ‘शांत झाला’ म्हणतात. प्रत्यक्षात तो भीतीने गोठलेला असतो.

खरी अडचण येते ती दाब देताना, आणि मलाही सुरुवातीला सर्वांत जड गेली ती हीच पायरी. शेपटीजवळचे छिद्र गुदद्वाराचे असते आणि त्याच्या पुढे, पोटाच्या बाजूला, जननेंद्रियाचे. त्या दुसऱ्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकेच दाबत कातडी किंचित मागे सारावी, म्हणजे आतला गुलाबी भाग बाहेर येतो. नरामध्ये तो नळीसारखा गोल उंचवटा असतो, त्याच्या टोकाला गोल छिद्र दिसते आणि तो गुदद्वारापासून स्पष्ट अंतरावर असतो. मादीमध्ये तो पानाच्या आकाराचा दिसतो, मधोमध उभी चीर असते, ती चीर गुदद्वाराच्या दिशेने खाली उतरते आणि दोन्ही छिद्रांमधले अंतर कमी असते.

वर्णन सोपे असले तरी चुका होतात त्या दाबाच्या प्रमाणात. दाब कमी पडला तर लहान नराचे टोक पुरते बाहेर येत नाही, दिसते ती केवळ फट, आणि त्याला मादी ठरवले जाते. माझ्या मते ‘दोन माद्यां’ना पिल्ले होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असावे. उलट दाब जास्त झाला तर मादीचाही भाग फुगून नळीसारखा पुढे येतो. म्हणून छिद्र गोल आहे की लांबट, एवढ्यावर निकाल देऊ नये. चीर गुदद्वाराकडे उतरते का आणि दोन्ही छिद्रांत अंतर किती, हे प्रत्येक वेळी पाहावे. एकाच वेतातली पिल्ले एकामागून एक तपासली तर फरक लवकर उमगतो. सगळीच सारखी दिसू लागली, तर ती सगळी माद्या आहेत असे मानण्याआधी आपला दाब कमी पडतो आहे का, ते पाहावे. पिल्लू धडपडू लागले तर सोडून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे.

जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना कातडीचे बिनकेसांचे खळगे असतात आणि त्यांत काळपट, उग्र वासाचा मेणासारखा मळ साचतो. त्या गंधग्रंथी नर-मादी दोघांनाही असतात. त्यांना वृषण समजू नये. वृषण साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास लांबट पिशव्यांसारखे उतरतात, परंतु ससा ते भीतीने किंवा थंडीने पुन्हा पोटात ओढून घेऊ शकतो. ते दिसले तर नर नक्की. दिसले नाहीत म्हणून मादी नक्की, असे मात्र नाही.

एकमेकांवर चढण्यावरून काहीही ठरवू नये, कारण माद्याही वर्चस्वासाठी चढतात. डोक्याचा आकार आणि गळ्याखालची वळकटी या वयात उपयोगाची नाहीत.

बाराव्या आठवड्यापर्यंत शंका फिटली नाही, तर त्या पिल्लाला नर समजून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावे आणि सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे. मधे रुंद भोकांची जाळी लावणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. जाळीतूनही संबंध येऊ शकतो. ‘एकदाच तर एकत्र आले होते’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण सशांमध्ये समागमामुळेच बीजांड सुटते.

वेळ निघून गेली असेल, तर एकत्र राहिल्याचा शेवटचा दिवस लिहून ठेवावा. गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा असतो. 28 व्या दिवसाच्या आत सुके गवत भरलेली पेटी मादीजवळ ठेवावी. नर तिच्याजवळ मुळीच नसावा, कारण व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. आई दिवसातून एकदा-दोनदा, तेही काही मिनिटेच दूध पाजते, तेव्हा पोट भरलेली आणि उबदार पिल्ले ‘टाकलेली’ समजून उचलू नयेत. नराची नसबंदी केली, तरी त्याला आणखी चार ते सहा आठवडे वेगळेच ठेवावे. तेवढा काळ त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते.