आई-बाबांना अंदमानला नेताय? आधी औषधांचं बघा

सेल्युलर जेल बघायला आपले लोक हौसेने जातात, सोबत शुगर-बीपीवाले आई-बाबा असतात, आणि प्लॅनिंग सगळं हॉटेल आणि बोटीच्या तिकिटांचं. म्हणून हे लिहितोय.

पुण्यात छातीत दुखलं तर रिक्षा पकडा, थोड्या वेळात कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलच्या दारात. अंदमानच्या हॅवलॉक बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे, प्राथमिक उपचार होतात, पण पेशंट सिरियस असेल तर पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत हॉस्पिटललाच न्यावं लागतं (2024 पासून शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, पण बोलताना अजून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) आणि मधे 40 एक किलोमीटर समुद्र, फास्ट बोटीने दीड-दोन तास. शेवटची बोट गेली की सकाळची वाट बघायची. हेलिकॉप्टरने पेशंट हलवतात, पण हवा खराब असेल तर तेही उडत नाही. आणि तिथेही जमलं नाही तर चेन्नई किंवा कोलकाता, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. तिथले लोक हे कायमच सोसतात, आपण तर चार दिवसांचे पाहुणे.

तर औषधं जितके दिवस लागतात त्याच्या दुप्पट घ्या, कारण बोट कॅन्सल झाली तर ट्रिप लांबते. अर्धी आईच्या पर्समध्ये, अर्धी तुमच्या बॅगेत, चेक-इन सामानात अजिबात नको. प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव पण लिहून घ्या, तिथे सगळा माल जहाजाने नाहीतर विमानाने येतो, आपला ब्रँड मिळेलच असं नाही. इन्सुलिन कूल पाऊचमध्ये, बर्फाला थेट चिकटवू नका. जुना ईसीजी असेल तर मोबाईलमध्ये फोटो ठेवा.

इन्शुरन्स आहे म्हणून निवांत राहू नका, पॉलिसीत एअर अँब्युलन्स धरलीये का ते एजंटला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

परतीच्या फ्लाईटच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला या. त्याच सकाळी हॅवलॉकहून बोटीने येऊन विमान पकडायचा हिशोब करू नका, आम्ही केला होता, बाबा अजून ऐकवतात.

स्कूबाच्या फॉर्मवर बीपी, दमा लपवू नका, आणि डायव्हिंगनंतर किमान 18 तास विमानात बसू नका. बीचवर सँडफ्लाय चावतात, खूप खाज सुटते, पण खाजवू नका, पिकतं.