आजीची बरणी पुण्याला पाठवताना

आजीच्या दोन चिनीमातीच्या बरण्यांपैकी एक मी नुसती वर्तमानपत्रात गुंडाळून लेकीकडे पुण्याला धाडली. पोचली, पण तीन तुकड्यांत. दुसरी नीट गेली, ती अशी.

झाकण वेगळं गुंडाळा. बरणीवर ठेवून पाठवलं की आपटून आपटून काठाचा टवका उडतो. बरणीच्या पोटात कागदाचे बोळे भरा, मग बबल रॅपचे तीन वेढे, फुगे आतल्या बाजूला. काठाला एक वेढा जास्त द्या, नाजूक जागा तीच.

नागपूरच्या इतवारी बाजारातून दोन खोकी आणली. बरणी आणि झाकण लहान खोक्यात ठेवलं, ते मोठ्यात ठेवून खाली, वर आणि चारही बाजूंना दोन-दोन इंच जागा सोडली, ती चुरगळलेल्या कागदाने गच्च भरली. आपल्याकडे संत्र्याच्या पेटीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालतात, काम तेच. पण तणसाचा कचरा लेक मलाच झाडायला लावेल!

आता खोकं हलवून बघा. जरा जरी खडखडलं तर पुन्हा उघडायचं, कंटाळा नाही करायचा. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, खालूनही. पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी आतसुद्धा टाका.