योरुबा नावाचा अर्थ शोधायचाय? मग आधी नाव फोडायला शिका

म्हापशात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, बॅनर, आणि हल्ली फ्रेममध्ये बाळाचं नाव मोठ्ठं आणि खाली त्याचा अर्थ असलं एक गिफ्ट फार चालतं. आपल्याकडची नावं डोळे मिटून छापतो. पण मागच्या पावसात ओळखीतल्या एक काकी आल्या, त्यांची लेक इंग्लंडात स्विंडनला असते (आमच्या बार्देश तालुक्यातल्या अर्ध्या घरांतलं कोणी ना कोणी स्विंडनलाच असतं म्हणा), लेकीच्या शेजारणीला मुलगी झालेली, शेजारीण नायजेरियाची, योरुबा, आणि बाळाचं नाव आयॉयिंका. काकी म्हणाल्या, "पुता, अर्थ नीट बघून घाल हां, परक्या माणसांच्या घरात लागणार ती फ्रेम."

मी काय केलं, पहिली जी बेबीनेमची साइट उघडली तिथे 'शूर राजकन्या' लिहिलेलं, ते सोनेरी अक्षरात छापून मोकळा झालो. काकींनी फोटो पाठवला, तिकडून हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली आणि मागून खरा अर्थ. 'आनंद मला वेढून आहे.' कुठे राजकन्या आणि कुठे हे. फ्रेम वाया गेली ती माझ्याच खिशातून, आणि त्या रागात मी ही नावं कशी वाचायची ते शिकलो.

पहिलं म्हणजे नाव योरुबा आहे का ते बघा, कारण नायजेरियन म्हणजे योरुबाच असं नाही, तिथे शेकड्यांनी भाषा आहेत. योरुबा लोक नैऋत्य नायजेरियातले, लागोस, इबादान, अबेओकुटा हा त्यांचा पट्टा, शिवाय शेजारच्या बेनिन आणि टोगोतही आहेत. नावात चिदी, चुक्वु असं 'च' ने सुरू होणारं काही दिसलं तर ते बहुतेक इग्बो. कोफी, क्वामे ही तर घानातली, जन्माच्या वारावरून ठेवलेली. आदे, ओलु, ऑला, आयॉ, आकिन, फेमी, तुंदे असले तुकडे दिसले की योरुबा.

आणि तुकडेच म्हणतोय मी, कारण योरुबा नाव हे आपल्या नावांसारखं एक शब्द नसतं, बहुतेक वेळा ते अख्खं वाक्य असतं. कर्ता, क्रियापद सगळं. बॉक्सर अँथनी जोशुआचं मधलं नाव बघा, ओलुवाफेमी. ओलुवा म्हणजे देव, फे म्हणजे प्रेम करणं, मी म्हणजे मला. देवाचं माझ्यावर प्रेम आहे. झालं, फुटलं नाव. पहिल्या तुकड्यांची थोडी पाठांतरं करून ठेवा: आदे म्हणजे मुकुट, ऑला म्हणजे मान, वैभव, आयॉ म्हणजे आनंद, आकिन म्हणजे शूर, ओये म्हणजे पदवी, मानाची जागा. कधीकधी पहिल्या तुकड्यावरून घराणंसुद्धा कळतं, ओगुन असेल तर लोखंडाच्या देवाला मानणारं घर, आयान असेल तर ढोल वाजवणाऱ्यांचं. आपल्याकडे आडनावावरून गाव ओळखतात तसंच काहीसं.

आता आमचं आयॉयिंका. आयॉ आनंद. यी म्हणजे वेढणं, फिरून येणं, आणि का म्हणजे सभोवार. मग मधला अनुस्वार कुठून आला? तो 'मी' आहे! यी-मी-का मधला मी बोलता बोलता झिजला आणि नुसता नाकातला आवाज उरला. हे कळलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो, कारण हाच तुकडा १९८६ साली साहित्याचं नोबेल मिळालेल्या वोले सोयिंका यांच्या आडनावात आहे, फक्त तिथे पुढे 'ओशो' आहे, म्हणजे जादूटोणा जाणणारा. जादूगार मला वेढून आहेत. एकाला आनंदाचा वेढा, एकाला जादूगारांचा, पण वाक्याची बांधणी तीच.

आर्सेनल फुटबॉल क्लबचे फॅन तर हे नाव रोज बघतात आणि त्यांना माहीत नाही. त्यांच्या साकाचं पूर्ण नाव बुकायो आयॉयिंका तेमिदायो साका. बुकायो म्हणजे आनंदात भर, आयॉयिंका आपण बघितलं, तेमिदायो म्हणजे माझं जे आहे ते आनंद झालं. एकाच पोराच्या नावात तीन वेळा आयॉ, आणि तिसऱ्यात 'दि' आणि 'आयॉ' एकत्र येऊन 'दायो' झालंय, आपल्या संधीसारखंच, फक्त पहिला स्वर गळतो. आणि गोव्यात राहून धेंपो फुटबॉल क्लबचा नायजेरियन रांती मार्टिन्स विसरलात तर काय उपयोग, २०११-१२ च्या आय-लीगमध्ये ३२ गोल! रांती म्हणजे आठवण ठेवणं. फातोर्ड्याच्या स्टँडात बसून इतकी वर्षं आपण अर्थ न कळता नुसतं ओरडत होतो.

तर इथपर्यंत सोपं. फसायला होतं ते स्पेलिंगमध्ये. योरुबा रोमन लिपीत लिहितात, पण खरं लिखाण टिंबं आणि रेघांसकट असतं. रोमन ओ च्या खाली टिंब असेल तर उच्चार आपला ऑ, एस खाली टिंब म्हणजे श, इ खाली टिंब म्हणजे ए आणि ॲ यांच्या मधलं काहीतरी (फेमी मधला फे तसा). वरच्या रेघा म्हणजे सूर, उंच, मधला आणि खालचा. पासपोर्टवर आणि फेसबुकवर हे सगळं उडतं आणि अर्थही त्याच्याबरोबर उडतो. टिंबाचा ऑकॉ घ्या, एका सुरात नवरा, दुसऱ्यात गाडी, तिसऱ्यात कुदळ, चौथ्यात भाला. ऑला म्हणजे मान हे सांगितलं, पण सूर बदलला की 'उद्या'. म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडून टिंबं-रेघांसकट लिहून मागवा, किंवा नुसतं व्हॉइस मेसेजवर म्हणायला सांगा. आपल्याला नाकातले स्वर कोकणीमुळे जड जात नाहीत, तेवढा फायदा.

बेनिनची माणसं फ्रेंच वळणाने लिहितात, म्हणून बाबातुंदेच्या 'तु' मध्ये यू च्या आधी एक ओ जास्तीचा येतो. वेगळं नाव समजू नका. पोर्तुगीजांनी आपल्या शेणैचं सिनाय आणि प्रभूचं पोरोबो केलं तो हाच प्रकार.

आणखी एक खड्डा. प्रत्येक 'दे' म्हणजे मुकुट नाही. आयॉदेले मध्ये दे म्हणजे येणं, इले म्हणजे घर, आनंद घरी आला. फोलाशादे मध्ये मात्र खरंच मुकुट आहे, मानाचा मुकुट करून घेतला असा अर्थ, गायिका शादेचं मूळ नाव हेच. मशीनला हा फरक कळत नाही, जिथे दे दिसेल तिथे ते राजघराणं बसवतं, माझी 'राजकन्या' बहुतेक अशाच कुठल्यातरी गोंधळातून आली असणार. त्यामुळे असल्या जनरल साइट सोडा, योरुबानेम म्हणून एक ऑनलाइन शब्दकोश आहे, भाषातज्ज्ञ कोला तुबोसुन यांनी सुरू केलेला, त्यात नाव फोडूनही दाखवतात.

फोडून अर्थ लागला म्हणजे काम संपलं असं समजू नका, हे मी काकींच्या दुसऱ्या ऑर्डरला शिकलो, कारण काही नावं आईबाप ठेवतच नाहीत, बाळ ती बरोबर घेऊन येतं असं योरुबा मानतात. जुळं झालं की पहिलं तायवो आणि दुसरं केहिंदे, मुलगा असो की मुलगी. तायवो म्हणजे जगाची चव घेऊन बघ. आणि मजा म्हणजे मोठा तो केहिंदे, मागून आलेला! कारण त्यानेच तायवोला पुढे पाठवलं, जा बघून ये जग कसं आहे ते, थोरल्याचं काम धाकट्याला सांगायचं. त्यानंतरच्या बाळाचं नाव इदोवु, त्याच्या पाठचा आलाबा. पायाळू जन्मलं तर इगे. पालथं जन्मलं तर आजायी, १८६४ मध्ये पहिले आफ्रिकन अँग्लिकन बिशप झालेल्या सॅम्युएल आजायी क्राउदर यांच्या नावातलं आजायी तेच. आता अशा नावाखाली 'अर्थ' म्हणून काय छापणार, 'पालथा'? तिथे गोष्ट छापायची असते.

आणि काही नावं तर विचारल्याशिवाय छापूच नका. एकामागून एक मुलं जाणाऱ्या घरात पुन्हा बाळ आलं की त्याला आबिकु म्हणतात, तेच मूल परत परत येऊन जातं अशी समजूत, आणि मग नावातच त्याला विनवायचं. मालोमो, आता जाऊ नको. दुरोजाये, थांब, जगाचं सुख घे. कोसोको म्हणजे कुदळच नाही, खड्डा खणायला. १८४५ ते १८५१ लागोसच्या गादीवर असलेल्या राजाचं नाव कोसोको होतं. आपल्याकडच्या धोंडू, दगडू, भिकू यांची आठवण आली ना? माझ्या आजोबांच्या भावाचं नाव धोंडू होतं, त्याच्या आधीची तीन गेली होती. तसलं नाव सोनेरी फॉइलमध्ये 'अर्थासकट' फ्रेम करून दिलं असतं तर पणजीने काय केलं असतं देव जाणे.

म्हणून सरळ विचारायचं, नाव कोणी ठेवलं आणि का. बाबातुंदे म्हणजे बाप परत आला, येतुंदे म्हणजे आई परत आली, म्हणजे घरात आजोबा किंवा आजी नुकती गेलेली असणार, तिथे अभिनंदनाचा मजकूर जरा हळू लिहावा. बारसं त्यांच्यात आठव्या दिवशी असतं, मध, मीठ, पाणी, कोला झाडाचं बी समोर ठेवून, आणि आजी-आजोबा, मावश्या आपापलं नाव देतात, त्यामुळे बाळाला चार-पाच नावं सहज असतात. कुठलं छापायचं तेही विचारा.

'रेअर' चं काय, तर गिऱ्हाईकाला फ्रेमवर 'दुर्मिळ नाव' असं हवं असतं, मला ते आवडत नाही पण मागतात. इंग्लंड-वेल्सची बाळांच्या नावांची सरकारी यादी निघते, त्यात वर्षाला निदान ३ बाळांना ठेवलेलंच नाव दिसतं, अमेरिकेच्या यादीला ही अट ५ ची. तेव्हा यादीत नाही म्हणजे जगात नाही असं नव्हे. शिवाय तिथे फक्त पहिलं नाव मोजतात, एक अक्षर बदललं की वेगळं धरतात, आणि आयॉयिंका, आदेयिंका, ऑलायिंका या तिघींनाही घरी यिंकाच म्हणतात. उद्या कोणी अमेरिकेची यादी बघून दामोदर हे दुर्मिळ नाव म्हणालं तर मडगावात लोक काय म्हणतील? तुकडे घरोघरचे, जोडणी कमी घरांत, इतकंच लिहितो मी.

शेवटी छपाईचं. टिंब खाली आणि रेघ वर अशी दोन्ही असलेली अक्षरं जुन्या फॉण्टमध्ये चौकोन होऊन येतात किंवा रेघ भलतीकडे सरकते, नोटो नावाचा फॉण्ट वापरा, आणि प्रिंट मारायच्या आधी प्रूफ बाळाच्या आईलाच पाठवा, मधल्या काकीला नाही. मी दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा अर्थ बरोबर, टिंब बरोबर, फॉण्ट बरोबर, आणि तिकडून उत्तर आलं की शेवटच्या 'का' वरची रेघ राहिली.