शनिवार-रविवारात शिंजुकु: दोन दिवसांचा बेत कसा आखावा

ऑफिसच्या कामानं टोकियोला गेलात आणि मधला शनिवार-रविवार मोकळा मिळाला, की सगळं शहर उरकायचा मोह होतो. आसाकुसा, शिबुया, टोकियो टॉवर, जमलं तर फुजीसुद्धा. अशानं निम्मा वेळ गाड्या बदलण्यात जातो. त्यापेक्षा एकच भाग धरा आणि तो पायी फिरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी शिंजुकु सुचवते. दीडशे एकरांच्या आसपासची बाग, देऊळ, उंच इमारती, खाण्यापिण्याच्या गल्ल्या, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अवघड आहे ते फक्त स्टेशन.

आधी स्टेशन समजून घ्या

शिंजुकु हे जगातलं सर्वाधिक वर्दळीचं स्टेशन म्हणून गिनेसच्या नोंदीत आहे. दिवसाला तीसएक लाख माणसं इथून ये-जा करतात आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त वाटा आहेत. जेआर, ओदाक्यू, केइओ आणि दोन वेगळ्या मेट्रो कंपन्या, प्रत्येकीची फाटकं निराळी. दादरच्या पुलावरून गर्दीच्या वेळी डोळे मिटून वाट काढणाराही इथे पहिल्या दिवशी गोंधळतो.

म्हणून बेत ठिकाणांच्या यादीवरून आखू नका, रुळांवरून आखा. रूळ साधारण उत्तर-दक्षिण जातात. पूर्वेला दुकानं, हानाझोनो देऊळ, काबुकिचो ही रात्री जागणारी वस्ती आणि शिंजुकु ग्योएन बाग. पश्चिमेला ऑफिसांच्या उंच इमारती आणि महानगर सरकारची इमारत. एक दिवस पूर्वेला, एक दिवस पश्चिमेला. मध्ये उगाच येरझाऱ्या नाहीत.

‘हिगाशि’ म्हणजे पूर्व, ‘निशि’ पश्चिम, ‘मिनामि’ दक्षिण, आणि ‘गुची’ म्हणजे बाहेर पडायची वाट. एवढे चार शब्द पाठ करा. फलकांवर इंग्रजीही असतं, पण कुणाला विचारायची वेळ आली तर ‘हिगाशि-गुची’ म्हटल्यावर समोरचा लगेच बोट दाखवतो. चुकीच्या बाजूला निघालात तरी घाबरायचं कारण नाही. 2020 पासून स्टेशनाखालून पूर्व-पश्चिम जोडणारा रुंद रस्ता खुला आहे, त्याला तिकीट लागत नाही. कुणाला भेटायचं असेल तर मात्र ‘स्टेशनवर भेटू’ असं कधीही ठरवू नका. दुकानाचं किंवा फाटकाचं नाव ठरवा.

तारीख आणि खोली

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर असतो. तेव्हा ग्योएनमध्ये काही दिवशी आधी ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. 29 एप्रिल ते 5 मेच्या सुट्ट्यांत अर्धा जपान घराबाहेर पडलेला असतो, ते दिवस टाळलेले बरे. नोव्हेंबर मला सगळ्यात आवडतो. हवा कोरडी, पानं रंगलेली आणि 1 ते 15 तारखेपर्यंत ग्योएनमध्ये शेवंतीचं प्रदर्शन.

रविवार-सोमवार असा बेत करत असाल तर लक्षात ठेवा, ग्योएन सहसा सोमवारी बंद असतं. उलट शनिवारच्या रात्रीचे हॉटेलदर आठवड्यातले सगळ्यात चढे, त्यामुळे खोली लवकर धरा.

खोली शक्यतो पश्चिमेला घ्या. रात्री शांतता असते आणि रविवारी सामान हॉटेलातच ठेवून त्या बाजूला फिरता येतं. नवरा-बायको जाणार असाल तर बुकिंग करताना ‘सेमी-डबल’ हा शब्द नीट वाचा. त्या पलंगाची रुंदी साधारण 120 सेंटीमीटर असते. फोटोत तो ऐसपैस दिसतो, रात्री एकजण कडेला लोंबकळतो. बारा-तेरा चौरस मीटरची खोली तिथे सर्रास असते, मोठी बॅग उघडायला पलंगच वापरावा लागतो.

पैसे आणि कार्ड

गाडीसाठी सुइका किंवा पास्मो यांपैकी एक कार्ड घ्या. आयफोन असेल तर सुइका फोनमध्येच भरता येते. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर सहसा ती चालत नाही, तेव्हा प्लॅस्टिकचं कार्ड. हेच कार्ड लॉकरला, यंत्रातल्या चहा-पाण्याला आणि सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानांत चालतं. थोडी रोकड मात्र हवीच, कारण छोटे बार आणि जुनी हॉटेलं अजून नोटांवर चालतात. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन मिळतात.

शनिवार: पूर्वेची बाजू

सकाळी नऊला ग्योएन उघडतं, तेव्हाच फाटकाशी हजर राहा. तिकीट 500 येन. 1906 मध्ये राजघराण्यासाठी केलेली ही बाग 1949 मध्ये लोकांसाठी खुली झाली. 58 हेक्टरांत जपानी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन पद्धतींच्या बागा आहेत. वेळ कमी असेल तर जपानी बागेतल्या तळ्याकडे आधी जा. पाण्यापलीकडे छाटलेले पाइन आणि त्यांच्या डोक्यावरून उगवलेला घड्याळाचा दोकोमो टॉवर. सगळे फोटो इथेच काढतात आणि ते बरोबरच आहे. दारू आणि चेंडू आत न्यायला बंदी आहे, डबा चालतो.

डबा म्हणजे अर्थात ओनिगिरी, समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण. त्याचं वेष्टन उघडायचं तंत्र आहे. कागदावर 1, 2, 3 असे आकडे असतात. टोकाला 1 लिहिलंय ती पट्टी धरून खाली पूर्ण ओढा, ती मागून वर येते. मग 2 आणि 3 चे कोपरे बाजूला ओढा. घाई केली तर शेवाळाचा पापड कागदातच राहतो आणि हातात नुसता चिकट भात. शाकाहारींनी ‘उमे’ची, म्हणजे आंबट-खारट जपानी प्लमची ओनिगिरी घ्यावी. आपल्या लिंबाच्या लोणच्यावर वाढलेल्या जिभेला ती लगेच पटते.

शाकाहाराबद्दल इथेच सांगते. मांस नको म्हटल्यानं काम भागत नाही. सूप, नूडल्स, भाजी, सगळ्यात ‘दाशी’ हे चवीचं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं असतं. कडक शाकाहारी असाल तर व्हीगन पाटी असलेलं हॉटेल आधीच नकाशावर हेरून ठेवा, नाहीतर यामानोते लाइननं एक स्टेशन पुढे शिन-ओकुबोला जा. कोरियन वस्तीसाठी ते प्रसिद्ध आहे, पण तिथे मसाले, डाळी विकणारी दक्षिण आशियाई दुकानंही आहेत.

मांसाहार चालत असेल तर दुपारचं जेवण नाकामुराया इमारतीच्या तळघरात घ्या. 1915 मध्ये इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून जपानला आलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना याच नाकामुराया दुकानाच्या सोमा दांपत्यानं लपवून ठेवलं. पुढे त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोसांचं लग्न झालं. 1927 मध्ये दुकानानं भारतीय पद्धतीची कोंबडीची करी विकायला काढली, ती बोसांच्या आग्रहातून. तेव्हा जपानमध्ये करी म्हणजे पीठ लावून घट्ट केलेला इंग्रजी प्रकार होता. बोसांची ती करी आजही मिळते, हाडासकट कोंबडी आणि भात वेगळा. आपल्या घरच्या रश्श्याच्या मानानं सौम्य लागेल, पण शिंजुकुत येऊन ती चुकवू नये असं मला वाटतं.

दुपारी इसेतान या बहुमजली दुकानाच्या तळघरातला खाद्यविभाग बघा (नुसतं बघायलाही पैसे लागत नाहीत), मग तासभर हॉटेलवर पाय पसरा. संध्याकाळी हानाझोनो देऊळ. लाल कमानींच्या रांगा, दगडी कोल्हे आणि लगतच गोल्डन गाय.

गोल्डन गाय म्हणजे सहा चिंचोळ्या बोळांत दाटीवाटीनं बसलेले दोनशेच्या वर बार. एकेकात पाच ते दहा माणसं मावतात, त्यामुळे चार-सहा जणांचा घोळका घेऊन जाऊ नका. दारावर बसण्याचं शुल्क लिहिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी 500 ते 1000 येन, क्वचित जास्त. पेयाचे पैसे वेगळे. काही बार फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी असतात, तिथे हातानं नाही म्हटलं तर रागावू नये. जिथे इंग्रजी पाटी आहे तिथे खुशाल शिरा. रविवारी यातले बरेच बंद असतात, म्हणून हा कार्यक्रम शनिवारचाच.

काबुकिचो शेजारीच आहे. दिवे बघा, इमारतीवरून डोकावणारा गॉडझिला बघा. रस्त्यात ‘स्वस्त बिअर, या’ म्हणत कुणी सोबत चालू लागला तर न थांबता पुढे जा. असं गिऱ्हाईक ओढणं तिथे बेकायदा आहे आणि रस्त्यावरचे भोंगेही तेच बजावत असतात. आत गेलात तर बिलाचा आकडा बाहेर सांगितलेल्यापेक्षा वेगळाच निघतो. शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीच्या आसपास सुटते, चालत जाण्याजोगं हॉटेल घेतल्याचा फायदा इथे कळतो.

रविवार: पश्चिमेची बाजू

खोली सोडा, सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवा. स्टेशनावरच्या लॉकरच्या भरवशावर राहू नका, मोठे लॉकर सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात.

महानगर सरकारची इमारत, ‘तोचो’, ही वास्तुकार केन्झो तांगे यांची रचना, उंची 243 मीटर. 45 व्या मजल्यावरची गच्ची फुकट आहे. खाली पिशवी तपासतात आणि वेगळ्या लिफ्टनं वर नेतात. हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी फुजी दिसतो, उन्हाळ्यात आशा ठेवू नका. वर यायोई कुसामा यांच्या नक्षीचा, पिवळ्यावर काळे ठिपके असलेला पियानो आहे आणि तो कुणालाही वाजवता येतो. पैसे मोजून टॉवरवर चढण्याआधी इथे एकदा जाऊन याच. शुक्रवारी लवकर पोहोचलात तर रात्रीही चक्कर मारा, 2024 पासून अंधार पडल्यावर याच इमारतीच्या भिंतीवर प्रकाशचित्रांचा खेळ दाखवतात.

स्टेशनाकडे परत येताना सोंपो संग्रहालय लागतं. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांपैकी एक चित्र तिथे आहे, 1987 मध्ये एका जपानी विमा कंपनीनं विकत घेतलेलं. चित्रांत रस नसेल तर सरळ ओमोइदे योकोचो गाठा, रुळांलगतची युद्धोत्तर काळ्या बाजारातून उभी राहिलेली कबाबांची गल्ली. धूर कपड्यांत बसतो, विमानाचे कपडे घालून जाऊ नका.

परतीला विमानतळाची बस सगळ्यात सोपी. दक्षिण फाटकासमोरच्या बास्ता शिंजुकु या बसस्थानकाच्या चौथ्या मजल्यावरून ती सुटते. रविवारच्या संध्याकाळची जागा शुक्रवारीच राखून ठेवा आणि नारिता विमानतळासाठी रस्त्यातल्या कोंडीचा विचार करून एक बस आधीची धरा.