जुने हॉलिवूड प्रेमपट पटकथाकाराच्या मागावर राहून कसे बघायचे

जुन्या हॉलिवूडचे प्रेमपट आपण बहुतेक जण चेहरे बघून निवडतो, बोगार्टचा आहे, इन्ग्रिड बर्गमनचा आहे, ऑड्री हेपबर्नचा आहे, फार तर डायरेक्टरचं नाव घेतो, आणि त्या दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं हे ज्याने रात्री बसून टाइप केलं त्याचं नाव कुणाला आठवत नाही. मला हे मनापासून खटकतं. गेली काही वर्षं मी हे पिक्चर लेखकाच्या नावावरून बघतेय, त्यातून एक पद्धत बसलीय, तीच इथे सांगते. चार पिक्चर लागतील: कॅसाब्लांका आणि नाऊ व्हॉयेजर हे दोन्ही १९४२ चे, लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन १९४८ चा आणि रोमन हॉलिडे १९५३ चा. शिवाय एक वही आणि चार-पाच रविवार. क्रम मात्र हाच ठेवा, त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: एकदा नुसतं बघून घ्या

कॅसाब्लांकापासून सुरुवात करा. १०२ मिनिटांचा आहे, एका बैठकीत होतो. इंग्रजी सबटायटल्स लावा, कितीही चांगलं इंग्रजी येत असलं तरी लावा, कारण तेव्हाची माणसं भराभर बोलतात आणि अर्धी गंमत वाक्याच्या शेपटाला असते. शक्यतो मोबाइलवर नको, चेहरे मोठे दिसायला हवेत. आधी कुठेही काही वाचू नका, पहिल्यांदा रडू आलं तर येऊ द्या, वही दुसऱ्या वेळेला उघडायची.

दुसरी पायरी: टायटल्स थांबवून वाचा

आपल्याकडे टायटल्समध्ये कथा, पटकथा, संवाद असं वेगवेगळं येतं, आणि गदिमांसारखा माणूस असला की तिन्ही त्याचंच, वर गाणीपण त्याचीच. तिकडे संवादाचं वेगळं नाव बहुतेक वेळा नसतं, ते पटकथेतच धरतात. कॅसाब्लांकात पटकथेला तीन नावं दिसतात, ज्युलियस आणि फिलिप एपस्टाइन हे जुळे भाऊ आणि तिसरा हॉवर्ड कॉक. खाली एका नाटकाचाही उल्लेख आहे, मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन या दोघांनी लिहिलेलं, जे तोवर कधी रंगमंचावर आलंच नव्हतं तरी वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने त्याचे २०,००० डॉलर मोजले होते. आणि एक चौथं नाव पडद्यावर नाहीच, केसी रॉबिन्सन. प्रेमाच्या भागावर, पॅरिसच्या दिवसांवर त्याने काम केलं, पण तो दुसऱ्यांसोबत नाव लावून घेत नसे, त्यामुळे पटकथेचं ऑस्कर मिळालं तेव्हा तो त्यात नव्हता.

वहीत ही चारही नावं लिहा आणि समोर ढोबळ वाटणी करा, चटपटीत बोलणं आणि पोलीस कॅप्टन रेनोची खुसखुशीत वाक्यं भावांच्या बाजूला, राजकारण आणि नायक रिकचा, म्हणजे बोगार्टचा, जुना लढाऊ इतिहास कॉककडे, प्रेम रॉबिन्सनकडे. ही वाटणी अगदी काटेकोर नाही, कारण स्टुडिओत लेखक आठवड्याच्या पगारावर असायचे आणि एकाचं लिहिलेलं पान दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन बदलून यायचं, इथे तर शूटिंग सुरू झालं तेव्हा शेवटची पानं तयारही नव्हती. स्टुडिओचं राज्य तेव्हा किती होतं बघा, एमजीएम स्टुडिओने आपले पिक्चर दाखवायला मुंबईत धोबी तलावला स्वतःचं मेट्रो थिएटर उभं केलं, १९३८ साली! अशा कारखान्यात चार जणांच्या हातून जाऊनसुद्धा एका प्रेमकथेचा आवाज एकसंध राहिला याचं मला अजून नवल वाटतं.

तिसरी पायरी: सेन्सॉरचे नियम समजून घ्या, मग आडपडद्याची दृश्यं शोधा

हे केल्याशिवाय या काळाचा एकही प्रेमपट नीट कळत नाही. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वतःवरच एक नियमावली घालून घेतली होती आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन नावाच्या माणसाच्या ऑफिसने ती कडकपणे राबवली, म्हणजे पटकथा आधी तिथे पाठवायची आणि आक्षेप आले की पानं बदलायची. लग्नाबाहेरचं प्रेम गोड करून दाखवायचं नाही, लग्नसंस्थेला धक्का लागेल असं काही नको, चुंबनं फार लांब नकोत, वगैरे.

आता मूळ नाटकातली बाई अमेरिकन आहे, लोइस मेरेडिथ, आणि तिचं प्रकरण डोळे उघडे ठेवून केलेलं आहे. पिक्चरमध्ये ती झाली नॉर्वेची इल्सा, म्हणजे इन्ग्रिड बर्गमन, आणि पॅरिसमध्ये रिकच्या प्रेमात पडली तेव्हा आपला नवरा छळछावणीत मेला असंच तिला वाटत होतं. एवढा एक बदल केला आणि सेन्सॉरची अडचण तर सुटलीच, पण इल्साच्या वागण्याला जो सल आहे ना, ती रिकला स्टेशनवर सोडून का गेली ते कुणाला सांगू शकत नाही, तो सगळा या बदलातून आला. नियमामुळे कथा खोल झाली असं मी इथे अगदी छातीठोकपणे म्हणेन.

मग ते दृश्य काढा ज्यात इल्सा रात्री रिकच्या खोलीत येते, कॅसाब्लांका सोडून जायच्या कागदपत्रांसाठी पिस्तूल रोखते आणि शेवटी रडत त्याच्या मिठीत जाते. ब्रीनच्या ऑफिसला इथे फार काळजी होती. मिठीनंतर चित्र विरघळतं, विमानतळाचा मनोरा आणि फिरणारा झोत दिसतो, परत खोलीत येतो तर रिक खिडकीशी सिगारेट ओढत उभा आहे आणि पुढे काय झालं ते तिला विचारतोय. मधे किती वेळ गेला? दोन मिनिटं की दोन तास? वहीत तुमचं उत्तर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी तेच विचारा, उत्तरं वेगळी येतील. दोन्ही उत्तरं बरोबर राहावीत अशीच ती जागा रचलेली आहे.

इन्ग्रिड बर्गमनला शूटिंगच्या वेळी माहीत नव्हतं की शेवटी आपण कुणासोबत जाणार, हा किस्सा सगळे सांगतात. पण नियमावली डोळ्यापुढे ठेवली तर विवाहित बाई नवऱ्याला सोडून प्रियकरासोबत राहणं जवळजवळ अशक्यच होतं. लेखकांपुढचा खरा पेच वेगळा होता, जे होणारच आहे ते रिकच्या मनातून आल्यासारखं कसं लिहायचं.

चौथी पायरी: एक दृश्य मराठीत लिहून बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त यातूनच कळतं, म्हणून इथे घाई करू नका. कॅसाब्लांकातली रिक आणि इल्साची तीन दृश्यं घ्या, बाकी काही नको. कॅफेत सगळ्यांसमोर पहिल्यांदा भेटतात ते, त्याच रात्री कॅफे बंद झाल्यावर तो पिऊन बसलाय आणि ती येते ते, आणि वर सांगितलेलं खोलीतलं. सबटायटल थांबवून थांबवून मराठीत उतरवा, बोलतो तशा मराठीत. पहिल्याच ओळीला अडाल, कारण इंग्रजीत एकच यू आहे आणि आपल्याला ठरवावं लागतं की इल्सा रिकला तू म्हणेल की तुम्ही. नवरा शेजारी बसलाय, चारचौघं आहेत, म्हणजे तुम्ही. रात्री तो पिऊन बोलतो तेव्हा तो तू म्हणेल, पण तो तू प्रेमाचा नाही, टोचणारा आहे. आणि खोलीत? मी इथे तीनदा खोडून लिहिलं. ती तुम्ही म्हणत आली आणि मधेच कुठेतरी तू वर घसरली असं धरलं, पण नेमकं कुठे ते सापडेना.

मग लक्षात आलं की लेखकांनी हेच काम नावाने केलंय. सगळं कॅसाब्लांका त्याला रिक म्हणतं. पॅरिसमध्ये तो रिचर्ड होता, इल्साने सोडून जाताना लिहिलेल्या चिठ्ठीची सुरुवात रिचर्डनेच होते, पावसात शाई विरघळते ती तीच चिठ्ठी. त्या पिऊन बसलेल्या रात्री ती आली तेव्हा त्याला रिक म्हणाली, सगळे म्हणतात तसं. आणि खोलीत आल्या आल्या रिचर्ड म्हणाली. तो लगेच तिला म्हणतो की पुन्हा रिचर्ड म्हणायला लागलीस, म्हणजे आपण परत पॅरिसमध्ये आलो. म्हणजे त्याला कळलंय! हे नाव आता कामासाठी वापरलं जातंय हे त्याला झोंबलंय, आणि थोड्याच वेळात तेच नाव खरं होतं. आपल्याकडे अहो चं अरे होतं तेव्हा घरातल्या सगळ्यांचे कान टवकारतात, तसंच आहे हे.

वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा, कोण कुणाला काय नावाने हाक मारतं आणि कुठल्या दृश्यात बदलतं. हा रकाना पुढच्या तिन्ही पिक्चरला वापरायचाय.

पाचवी पायरी: तोच लेखक धरून दुसरीकडे जा

केसी रॉबिन्सनचं नाव कॅसाब्लांकावर नव्हतं ना, ते नाऊ व्हॉयेजरवर आहे, एकट्याचं. तोच स्टुडिओ, तेच वर्ष, तोच निर्माता हॅल वॉलिस, एवढंच काय, पॉल हेनरीड आणि क्लॉड रेन्स हे नटही दोन्हीकडे आहेत, म्हणून हे दोन लागोपाठ बघायचे. ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी या बाईंच्या कादंबरीवरून आहे. आईच्या धाकाखाली पिचलेली शार्लट, म्हणजे बेटी डेव्हिस, उपचार घेऊन बरी होते आणि बोटीच्या प्रवासाला निघते, तीसुद्धा दुसऱ्याच बाईच्या नावावर. रकान्यात हे पहिलं लिहा. तिथे जेरी भेटतो, लग्न झालेला. जवळीक दाखवायची सोय नाही, म्हणून तो दोन सिगारेटी एकदम तोंडात धरून पेटवतो आणि एक तिला देतो, पिक्चरभर हे पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा पुढे सरकतो. किती वेळा येतं आणि आधीपेक्षा काय बदललंय ते लिहा. शेवटही तसाच, दोघं एकत्र येत नाहीत, त्याची मुलगी तिच्याकडे राहते आणि तेवढ्या धाग्यावर दोघं समाधान मानतात. कॅसाब्लांकाच्या शेवटाशेजारी हा ठेवून बघा, रॉबिन्सनचा हात कुठला असेल याचा अंदाज यायला लागतो.

सहावी पायरी: मूळ कथा आणि पटकथा शेजारी ठेवा

आता हॉवर्ड कॉक. लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन ही श्टेफान झ्वाइगची दीर्घकथा आहे, दोन तासात वाचून होते, ती आधी वाचा. कथेत तो पुरुष लेखक आहे, कॉकने त्याला पियानोवादक केलं, म्हणजे मुलगी शेजारच्या घरातून त्याला ऐकू शकते, पडद्याला हे किती सोयीचं! कथेतली बाई पुढे श्रीमंत पुरुषांच्या आधाराने जगते, पिक्चरमध्ये तिचं एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न लावून दिलंय, ब्रीनचं ऑफिस आठवा. आणि कथेत नसलेलं द्वंद्वयुद्ध आलंय, सकाळ होण्याआधी पळून जायचं की सामोरं जायचं हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवून मग पत्र वाचायला दिलंय. व्हिएन्नाच्या जत्रेत दोघं एका खोट्या रेल्वेच्या डब्यात बसतात आणि खिडकीबाहेर रंगवलेले देश सरकत जातात, एक म्हातारा माणूस पायडल मारून ते फिरवत असतो, ते दृश्य दोनदा तरी बघा. रकान्यात या पिक्चरला काय लिहाल? तो तिला ओळखतच नाही, त्यामुळे हाकेची जागा शेवटपर्यंत रिकामी.

कॉकला पुढे काम मिळणं बंद झालं. युद्धकाळात स्टुडिओच्याच सांगण्यावरून त्याने सोव्हिएत रशियाची बाजू घेणारा एक पिक्चर लिहिला होता, तोच नंतर त्याच्यावर उलटला, आणि तो इंग्लंडला गेला.

सातवी पायरी: नाव कुणाचं छापलंय ते तपासा

रोमन हॉलिडे शेवटी ठेवायचा तो यासाठीच. डाल्टन ट्रम्बोने १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट असण्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला नकार दिला, १९५० मध्ये तो तुरुंगात गेला, हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं, म्हणजे त्याच्या नावाने काम मिळणं बंद. रोमन हॉलिडेची कथा त्याची, पण ती इयान मॅक्लेलन हंटर या मित्राच्या नावावर विकली गेली. टायटल्सवर हंटर आणि जॉन डायटन. कथेचं ऑस्कर हंटरला मिळालं. ट्रम्बो १९७६ मध्ये गेला, ते ऑस्कर त्याच्या पत्नीच्या हातात १९९३ ला पडलं आणि पटकथेचं श्रेय लेखकांच्या संघटनेने २०११ मध्ये त्याला परत दिलं.

हे डोक्यात ठेवून पिक्चर लावा आणि रकाना भरा. राजकन्या ॲन आपलं नाव आन्या सांगते, पत्रकार जो तिला स्मिटी म्हणतो, तो कोण आहे हे तिला माहीत नाही आणि ती कोण आहे हे स्वतःला माहीत आहे असं तो दाखवत नाही. दिवसभर दोघं खोट्या नावांनी खरं वागतात. शेवटी पत्रकारांच्या रांगेत तो तिच्यासमोर येतो, आपलं पूर्ण नाव आणि वृत्तसंस्थेचं नाव सांगतो आणि ती त्याला मिस्टर ब्रॅडली म्हणते. ते दृश्य मराठीत लिहा, तुम्ही वापरून. मग तुमच्याकडची प्रिंट मागे घेऊन टायटल्स परत लावा आणि बघा त्यात ट्रम्बोचं नाव आहे की नाही, जुन्या प्रतीत नसेल, नंतर दुरुस्त केलेल्या प्रतीत कथेखाली दिसेल. नसलं तर वहीत तुमच्या हाताने लिहून टाका.