स्टीफन किंगचं 'ऑन रायटिंग' वाचून लिहायला बसताय? मग या चुका टाळा

नागपुरात सध्या लिहिणारी पोरंपोरी भेटली की दहातल्या निम्म्यांनी तरी हे पुस्तक वाचलेलं असतं. 2000 साली आलेलं, अर्धं आत्मचरित्र आणि अर्धं लिहिण्याचं शिक्षण, आणि खरं सांगायचं तर या विषयावर यापेक्षा कामाचं पुस्तक मला तरी माहीत नाही. पण ते वाचून आलेले कच्चे खर्डे वाचायला मिळतात तेव्हा त्याच त्याच गोष्टी चुकलेल्या दिसतात, आणि त्या बहुतेक किंग या अमेरिकन कादंबरीकाराचा सल्ला अमेरिकेतून जसाच्या तसा उचलून इथे लावल्यामुळे चुकलेल्या असतात.

सगळ्यात पहिली गडबड आकड्यांची. किंग स्वतः रोज 2000 शब्द लिहायचा, नवशिक्यांना तो 1000 सांगतो आणि आठवड्यातून एक सुट्टी देतो. आपला माणूस लगेच वहीत 1000 लिहून टाकतो आणि आठवड्याभरात थकतो, मग म्हणतो माझ्यात ते नाहीच. अहो, पण मोजताय काय ते तरी बघा. 'टेबलावरच्या पुस्तकातून' हे आपले दोन शब्द झाले, तेवढंच सांगायला इंग्रजीत सहा लागतात. मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दाला चिकटून येतं, त्यामुळे मराठीतले 1000 शब्द म्हणजे त्याच्या हजारापेक्षा बराच जास्त मजकूर. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने 500-600 धरले तरी पुष्कळ झालं, फक्त रोज.

दुसरी म्हणजे दार. पहिला खर्डा दार बंद करून लिहा, दुसरा दार उघडून, असं तो सांगतो. हे वाचून लोक वेगळी खोली शोधायला लागतात, आणि नागपुरात मे महिन्यात कूलर हॉलमध्ये असताना आतल्या खोलीचं दार लावून बसणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. बरं, किंगने सुरुवातीच्या काळात लिहिलं कुठे, तर ट्रेलरच्या घरात, कपडे धुवायच्या खोलीत, लहान मुलाचं डेस्क मांड्यांवर ठेवून. 1999 च्या जूनमध्ये व्हॅनने उडवल्यावर पाच आठवड्यांनी परत लिहायला बसला तेही घराच्या मागच्या पॅसेजमध्ये, व्हीलचेअरवर, बायकोने टेबल लावून दिलं म्हणून. खोली हा मुद्दाच नाही. मुद्दा हा की पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत कोणाला दाखवू नका. आणि इथे तर दार लावून लिहिलेलं प्रकरण रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेलं असतं, सकाळपर्यंत बारा अंगठे आणि एका काकांचा सल्ला की नायिकेचं लग्न लावून द्या. पुढचं प्रकरण मग त्या काकांसाठी लिहिलं जातं!

आता व्याकरणाचं, कारण इथे फार नुकसान होतं. किंगला कर्मणी वाक्यं आवडत नाहीत. हे वाचून एका मुलाने आपल्या कथेतलं प्रत्येक कर्मणी वाक्य बदलून टाकलेलं मी बघितलंय, 'रमेशने चहा घेतला' चं 'रमेश चहा घेत होता' केलं, आणि सगळी कथा अशी 'होता होता' करत चालली की काही घडतंय असं वाटेचना. मराठीत सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ जवळपास सगळा कर्मणीच असतो, शाळेत 'रामाने आंबा खाल्ला' शिकलोय ना आपण. त्याला हात लावायचा नाही. किंग ज्या भित्र्या वाक्याबद्दल बोलतोय ते आपल्याकडे 'करण्यात आले' या वेषात फिरतं. 'बैठक घेण्यात आली', 'त्याला समजावण्यात आले'. कोणी घेतली, कोणी समजावलं? ते शोधा आणि कापा.

क्रियाविशेषणांचंही तसंच. त्याचा राग मुख्यतः संवादाला चिकटवलेल्या शब्दांवर आहे, 'रागाने म्हणाला', 'खिन्नपणे उद्गारली' वगैरे. म्हणून धाडकन, सटकन, भसाभस हे काढून टाकलेत तर मराठीची अर्धी चव गेली, कारण आपल्याकडे आवाज आणि वेग हे शब्दच दाखवतात.

नमुना देतो म्हणजे कळेल. मूळ परिच्छेद असा होता (बर्डी म्हणजे नागपूरची सीताबर्डीची बाजारपेठ): 'संध्याकाळचे साधारण सहा वाजले होते आणि बर्डीवर नेहमीप्रमाणे खूप गर्दी होती. त्या गर्दीतून हळूहळू वाट काढत काका दुकानापाशी आले आणि अत्यंत रागाने म्हणाले, माझे पैसे तू केव्हा परत करणार आहेस?' दुरुस्तीनंतर: 'संध्याकाळी बर्डीवरच्या गर्दीतून वाट काढत काका दुकानापाशी आले. शटर अर्धं ओढलेलं. त्यांनी ते धाडकन वर केलं. पैसे द्याचे आहेत का नाही बे?' राग कुठे लिहिलाय? कुठेच नाही. आणि काका आता नागपूरचे झाले.

ही शेवटची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त खटकते. किंग अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गावांबद्दल लिहितो कारण तो तिथला आहे, आणि आपली पोरं त्याच्याकडून धुकं, बर्फ, तळ्याकाठची लाकडी केबिन उचलतात. फुटाळा तलावावर धुकं कोणी बघितलं बाप्पा? इतवारीच्या गल्ल्या, महालातले जुने वाडे सोडून हे कशाला? आणि पात्रं घरी 'काऊन', 'येऊन राहिलो' बोलणारी, कथेत मात्र सदाशिव पेठेत राहायला गेल्यासारखी बोलतात. माणसं जशी बोलतात तशी बोलू द्या, हे किंगच्या पुस्तकात आहेच, पण त्यासाठी इतक्या लांब जायलाही नको, उद्धव शेळक्यांची 'धग' उघडा, 1960 ची, वऱ्हाडी बोलीला कुठे न लाजता लिहिलेली.

'कॅरी' या किंगच्या पहिल्या प्रकाशित कादंबरीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्याने कचऱ्यात टाकलेली पानं बायकोने उचलली, पुस्तक 1974 ला आलं, पेपरबॅकचे हक्क चार लाख डॉलरला गेले. त्याआधी मिळालेला अ‍ॅडव्हान्स 2500 डॉलर होता आणि त्याच्याही आधी शाळकरी वयापासून भिंतीवरच्या खिळ्याला नकाराच्या चिठ्ठ्या अडकवणं चाललं होतं, ते कोणी सांगत नाही. त्याच नकारांतल्या एका चिठ्ठीवर 1966 साली कोणा संपादकाने लिहून दिलं होतं की दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्के कमी हवा. लोक हे दुसऱ्याच दिवशी करायला बसतात आणि काहीच कापवत नाही, कारण सगळं ताजं आणि लाडकं असतं. तो खर्डा किमान सहा आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगतो, ते आधी करा.

आपल्याकडे चिठ्ठी येत नाही, नुसती शांतता येते. कथेला जागा मुख्यतः दिवाळी अंकांत, आणि ते अंक पावसाळ्यातच भरत आलेले असतात, त्यामुळे गणपतीत कथा पाठवून उत्तर आलं नाही म्हणून रुसू नका. सहा आठवडे ठेवायचे धरले तर पहिला खर्डा मार्च-एप्रिलमध्येच संपायला हवा. आणि फाइल युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कथा संपादकाच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि तो ती वाचायच्या आधीच बंद करतो.