अप्रोच चार्ट वाचताना या चुका टाळा

भंडारा-साकोलीकडे एसटीत ‘एक पिंपळगाव’ म्हटलं की कंडक्टर आधी विचारतो, ‘सडक का कोहळी?’ मगच तिकीट, कारण पिंपळगावं दोन. विमानातला कॉम्प्युटर अक्षराशी जुळणाऱ्या नावांची नुसती यादी पुढे करतो आणि गप्प बसतो.

२० डिसेंबर १९९५च्या रात्री कोलंबियातल्या काली शहरात उतरायला निघालेल्या बोइंग ७५७च्या अप्रोच चार्टवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरायचा मार्ग आणि उंची दाखवणाऱ्या नकाशावर, रोझो या बीकनपुढे (दिशा कळवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) ‘आर’ छापलं होतं. वैमानिकांनी कॉम्प्युटरमध्ये तेच अक्षर टाकलं. यादीत पहिलं नाव आलं रोमिओचं, ते बोगोटाजवळचं. रोझो यादीत नव्हतंच. त्यासाठी पूर्ण नाव टाकावं लागायचं. विमान डावीकडे वळलं, दरीतून बाहेर पडलं आणि डोंगरावर आदळलं. १५९ माणसं गेली.

गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकणारे पोट्टे माझ्याकडे थिअरीला येतात. त्यांना सांगतो, नाव टाकलं की शेवटचं बटण दाबायच्या आधी अंतर आणि दिशा मोठ्यानं बोला. जे समोर दहा मैलांवर हवं ते बाजूला शंभराच्या पुढे दिसलं, तर पिंपळगाव चुकलं.

दुसरी चूक आपल्याकडे जास्त महागात पडेल. चार्टवर खाली उतरण्याची मर्यादा दोन आकड्यांत असते: समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि शेजारी कंसात जमिनीपासूनची. मुंबईची धावपट्टी जवळजवळ समुद्राच्याच पातळीला, त्यामुळे तिथे दोन्ही आकडे सारखेच वाटतात आणि सवय बिघडते. नागपूरची धावपट्टी हजार फुटांच्या वर आहे. कंसातला ४०० बघून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या अल्टीमीटरवर (उंचीच्या काट्यावर) ४०० शोधत बसलात, तर तो आकडा येण्याआधीच जमीन येईल. कंसाबाहेरच्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा.

चार्टचा खालचा, बाजूनं दाखवलेला भाग एकटा वाचू नका. १ डिसेंबर १९७४ला वॉशिंग्टनजवळ बोइंग ७२७च्या वैमानिकांना अप्रोचची परवानगी मिळाली आणि ते १,८०० फुटांकडे उतरू लागले. त्या टप्प्यात ३,४०० फूट हवेत, हे वरच्या नकाशात होतं. कॉकपिटमध्ये त्यावर बोलणंही झालं, तरी परवानगी मिळाली म्हणजे खाली जायला हरकत नाही असं ठरलं. विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. परवानगीचे शब्द संदिग्ध वाटले तर रेडिओवर परत विचारा, लाज कसली त्यात?

आणि तारीख. दर २८ दिवसांनी चार्ट बदलू शकतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ बदलत नाही. मागं एक पोट्टा सिनियरकडून आणलेला झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आला. तारखेचा कोपरा नेमका काळ्या पट्टीत गेलेला. तो गठ्ठा सध्या माझ्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आहे.